गोचीड गुराच्या अंगावर कमी, भिंतीत जास्त

नशिराबादच्या जुन्या वस्तीत मातीच्या भिंतींची, धाब्याची घरे अजून दिसतात. ओसरीला लागून दावण, दारात कुत्रे आणि भिंतीशी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. पाऊस लागला की गाईच्या कासेवर, कानात, शेपटीखाली गोचीड दिसू लागतात आणि घरोघरी ठरलेले उपाय सुरू होतात. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने गुरे धुतली जातात, संध्याकाळी धुरी होते. आठ-दहा दिवस बरे जातात, पुन्हा कासेवर तेच मणी लोंबतात. उपाय खोटा नसतो, तो करण्याची जागा अपुरी पडते.

रक्त पिऊन टम्म झालेली मादी जनावरावर राहत नाही. ती खाली गळून पडते, आडोसा शोधते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. गाईवरच्या एका जातीची पिल्ले एकदा अंगावर चढली की सुमारे तीन आठवडे तिथेच वाढतात. गोठ्यात आढळणारी दुसरी मोठी जात मात्र मोठे होताना पुन्हा खाली उतरते, भिंतीच्या भेगेत कात टाकते आणि नव्याने चढते. म्हणजे गाईवर दिसतात ते थोडे. बाकीची फौज भेगांत, गव्हाणीखाली, शेणाच्या थराखाली असते आणि उपाशीपोटी कित्येक आठवडे तग धरते.

नुकसान नुसत्या रक्ताचे नाही. संकरित गाईंना थायलेरिओसिस होतो: जोराचा ताप, सुजलेल्या गाठी, दूध एकदम खाली. बबेसिओसिसमध्ये लघवी लाल होते. जळगाव जिल्ह्याला तर 2022 विसरता येणार नाही. राज्यात त्या वर्षी लम्पीची सुरुवात रावेर तालुक्यातल्या चिनावलपासून झाली, पुढे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. लम्पी पसरवणाऱ्यांत माश्या आणि डासांबरोबर गोचिडाचेही नाव घेतले जाते.

त्या साथीत गावोगावी पोहोचलेली वनस्पतिजन्य फवारणी आजही उपयोगी आहे. एक लिटर पाण्यात करंज, कडुनिंब आणि निलगिरीचे तेल प्रत्येकी 10 मिली, सोबत 2 ग्रॅम अंगाचा साबण. साबण नसेल तर तेल पाण्यावर तरंगत राहते आणि नुसते पाणीच फवारले जाते. ही चूक फार घरांत होते. औषध सकाळी किंवा संध्याकाळी मारावे आणि दर तीन-चार दिवसांनी पुन्हा मारावे. बाजारातल्या रासायनिक औषधांना गोचीड दाद देईनासे झाल्याचे देशात अनेक ठिकाणी दिसून आले आहे, म्हणून या तेलांचे महत्त्व वाढले. पण ही तेले गोचिडाला दूर ठेवतात, काहींना मारतात. भेगेतल्या अंड्यांपर्यंत ती पोहोचत नाहीत.

तिथे कामाला येते ते गवंड्याचे काम. भेगा माती-शेणाच्या गिलाव्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात, वर चुना मारावा. दावणीखालची जमीन खरवडून ती माती लांब न्यावी. पऱ्हाट्या आणि जुने पोते भिंतीपासून दूर हलवावे. काही जण भेगांवर फ्लेम गन फिरवतात. पक्क्या भिंतीला ते चालते, कडब्याशेजारी मात्र तो आगीशी खेळ आहे. गोठ्यात गावरान कोंबड्या मोकळ्या सोडण्याची जुनी रीतही नुसती हौस नव्हे, त्या गोचीड टिपून खातात.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज मात्र महागात पडतो. तंबाखूचे पाणी वासराने चाटले तर निकोटिनची विषबाधा होऊ शकते. सीताफळाच्या बियांची पूड गोचिडावर जालीम आहे, तशीच डोळ्यांवरही. ती उडून डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. लहान मुले असलेल्या घरात ती न कुटलेलीच बरी.

घरात गोचीड येतो तो बहुधा कुत्र्याबरोबर. कुत्र्यावरची तपकिरी जात भिंतीवर सरसर चढते, खाटेखाली आणि चौकटीच्या फटीतही अंडी घालते. म्हणून कुत्र्याचे अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवावे आणि बोटांच्या बेचक्यांत, कानांत रोज पाहावे.

सापडलेला गोचीड नखावर चिरडण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती मोडायला हवी. क्रिमियन-काँगो ताप हा जीवघेणा आजार भारतात 2011 मध्ये गुजरातेत प्रथम आढळला. गोचीड चावल्याने, तसेच तो हाताने चिरडल्यानेही त्याची लागण होऊ शकते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये आलेला माकडतापही गोचिडाचाच, पण तो सह्याद्रीच्या जंगलातल्या वेगळ्या जातीमुळे होतो. खानदेशाने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. इथे जास्त लक्ष ठेवायला हवे ते गोचीड-तापावर. विदर्भात लहान मुलांमध्ये तो आढळला आहे. चढता ताप, डोकेदुखी आणि काही दिवसांनी तळहात-तळपायांवरही उठणारे पुरळ, अशी त्याची लक्षणे. डेंग्यू किंवा साधा व्हायरल समजून दिवस जातात. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने तो आटोक्यात येतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

अंगाला चिकटलेला गोचीड काढताना रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. डिवचला की तो जखमेत लाळ जास्त सोडू शकतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा, साबणाच्या पाण्याने जागा धुवावी आणि गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिल्यांदा तीच तारीख सांगावी.