अंदमानचा पाऊस कुम्हारीला विचारून येत नाही

“मुलांना सुट्टी मे महिन्यात, पाऊस येतो जूनच्या मध्याला. मग मेच्या शेवटी अंदमानला जायला हरकत काय?” कुम्हारी, चरोदा, भिलाई, दुर्ग भागातल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न हमखास निघतो. विचारणाऱ्याला खरं तर उत्तर नको असतं, होकार हवा असतो. तिकिटं स्वस्त दिसलेली असतात, हॉटेलवाला सवलत देत असतो आणि शेजारच्या काकूंचा भाचा कधीतरी मे महिन्यात जाऊन आलेला असतो. त्याला म्हणे थेंबही लागला नाही.

हा हिशेब आपल्या अंगणातला आहे. मे महिन्यात इथे पारा 43-44 वर असतो, खारून नदी आटलेली असते आणि कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी ओतावं लागतं. पाऊस रायपूर-दुर्ग पट्ट्यात साधारण जूनच्या मध्यावर पोचतो, म्हणजे तोवर सगळीकडेच कोरडं असणार असं आपण धरून चालतो. पण नैऋत्य मान्सून देशात सगळ्यात आधी पोचतो तो अंदमान-निकोबारलाच. केरळ त्यानंतर, आणि आपण तर केरळच्याही दोन आठवडे मागे. हवामान खात्याच्या नोंदींनुसार मान्सून निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्रात 2022 मध्ये 16 मे रोजी, 2023 आणि 2024 मध्ये 19 मे रोजी, तर 2025 मध्ये चक्क 13 मे रोजी दाखल झाला. “मान्सून अंदमानात!” ही बातमी आपण दर वर्षी वाचतो, उकाड्यातून सुटका जवळ आली म्हणून खूश होतो, आणि नेमक्या त्याच आठवड्याचं विमान पकडतो. याला काय म्हणावं?

“आला पाऊस तर आला, आपण काय मिठाचे आहोत?” हे पुढचं वाक्य. कोणी मिठाचं नाही, मान्य. त्या पावसात मुलं खुशाल नाचतील. प्रश्न भिजण्याचा नाही, बोटीचा आहे. ज्या निळ्या पाण्याचे फोटो बघून हा बेत ठरतो, ते बहुतेक स्वराज द्वीपचे, म्हणजे जुन्या हॅवलॉकचे, किंवा शहीद द्वीपचे, म्हणजे जुन्या नीलचे असतात. ही दोन्ही बेटं विमानतळाच्या गावापासून, म्हणजे पोर्ट ब्लेअरपासून, समुद्रानेच गाठावी लागतात. खासगी वेगवान बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून थोडे जास्त. मान्सूनमध्ये समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि त्या पर्यटकाच्या विमानाची वेळ बघून रद्द होत नाहीत. फेरी सुटली तरी लाटांवर हेलकावणाऱ्या बंद बोटीत दोन मुलं आणि एक आजी एकाच वेळी ओकू लागली की ‘निवांत सुट्टी’ कुठे जाते ते वेगळं सांगायला नको. त्यात हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेच्या अंगाला. नैऋत्येचा वारा आणि लाटा थेट त्याच बाजूने येतात. डिसेंबर-जानेवारीत जिथे मूल गुडघाभर पाण्यात खेळतं, तिथेच जूनमध्ये लाल झेंडा लागलेला असू शकतो.

आता भाच्याचं. त्याला पाऊस लागला नाही, कारण तो मेच्या पहिल्या आठवड्यात गेला असेल किंवा नशीबवान असेल. मान्सून म्हणजे रोज चोवीस तास धार नव्हे, मध्ये दोन-तीन कोरडे दिवस मिळतात. पण पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, रायपूरच्या दुपटीहून जास्त, आणि तो बराचसा मे ते नोव्हेंबर याच काळात. मुलांना घेऊन, आठ महिने पैसे साठवून, भाच्याच्या नशिबावर बेत आखायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हे पटलं की लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात: “मग दिवाळीत जाऊ, पाऊस संपलेला असतो.” आपला संपलेला असतो. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ, आणि त्यातली बरीच वादळं अंदमानच्या आसपासच जन्म घेतात. डिसेंबर 2016 मध्ये, जे पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झालं त्याच्या सुरुवातीच्या तडाख्यात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते. त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. दिवाळीत जाऊच नये असं नाही. पण परतीच्या आदल्या रात्री बाहेरच्या बेटावर राहू नये. शेवटची रात्र विमानतळाच्या गावातच काढावी, म्हणजे बोट एक दिवस चुकली तरी विमान चुकत नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मी धास्ती कमी होते.

मग जायचं कधी? समुद्र सगळ्यात शांत जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. शाळेचं गणित सांभाळायचं तर परीक्षा संपून नवं सत्र नीट सुरू होईपर्यंतचे मार्च-एप्रिलमधले दिवस उत्तम. नाताळची सुट्टीही चालते, फक्त गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. मे महिनाच हवा असेल तर पहिला आठवडा, त्यातल्या त्यात.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला: “एवढा खर्च करून जातोय, तर सगळं कव्हर करून येऊ.” पाच रात्रींत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, रॉस आणि बाराटांग अशा यादीचे संदेश मोबाइलवर फिरत असतात. बेटं, खडक, सुळके मिळून या द्वीपसमूहात 836 तुकडे आहेत, वस्ती आहे ती 31 वर. सगळं कव्हर तिथल्या माणसालाही होत नाही. रायपूरहून जाताना कोलकाता किंवा चेन्नईसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं, त्यामुळे जाण्याचा दिवस प्रवासातच जातो आणि येण्याचाही. उरलेल्या दिवसांत रोज पेटी भरायची, धक्क्यावर तासभर आधी पोचायचं, बोटीतून उतरून पुन्हा पेटी उघडायची. मुलांना वाळूत बसायचं असतं आणि आपण त्यांना घड्याळ दाखवत असतो. लहान मुलं असतील तर दोनच मुक्काम करावेत, पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक किंवा नील यांपैकी एक. बाहेरच्या बेटावर सलग तीन रात्री.

दिवसाची आखणीही इथल्या घड्याळाने चुकते. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण अंदमान आपल्यापेक्षा सुमारे 11 अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य तिथे जवळजवळ पाऊण तास पुढे. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. “दुपारी झोपून चारला किनाऱ्यावर जाऊ” म्हणणाऱ्यांच्या वाट्याला तासभर उजेड येतो. त्यापेक्षा सकाळी सहाला मुलांना पाण्यावर न्यावं. तेव्हा ऊन कोवळं असतं आणि किनारा रिकामा. फक्त भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलात आधी विचारून घ्याव्यात. नीलचे काही किनारे ओहोटीला नुसते प्रवाळांचे खडक होतात. तेव्हा पोहायचं नसतं, पायात चपला घालून खेकडे बघायचे असतात.

बाकीचे गैरसमज भराभर. अंदमानला पासपोर्ट लागत नाही, भारतीयांना नेहमीच्या पर्यटन बेटांवर परवानाही लागत नाही. परवाना लागतो तो लक्षद्वीपला आणि निकोबारच्या आदिवासी भागाला. मुलांची ओळखपत्रं मात्र विमानासाठी आणि बोटीसाठी जवळ ठेवा. तिकिटावर ‘श्री विजयपुरम’ दिसलं तर घाबरू नका, सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव बदललं आहे.

उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हेही खरं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि 2010 मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. जिथे इशाऱ्याचा फलक आहे, खाडीचं तोंड आहे किंवा खारफुटी आहे, तिथे मुलांना उतरवायचं नाही. ‘आपण काठावरच आहोत’ ही सबब तिथे चालत नाही. पाच वर्षांच्या मुलाला स्कूबा करवणारा कोणी भेटला तर नमस्कार करून पुढे व्हावं. साधारण दहा वर्षांखालच्या मुलांना जबाबदार केंद्रं समुद्रात नेत नाहीत. त्यांच्यासाठी काचेच्या तळाची होडी पुरेशी आहे.

“बाराटांगला जाताना जारवा दिसतात, मुलांना दाखवू” हे वाक्य ऐकलं की मात्र माझा संयम सुटतो. जारवा ही तिथली आदिवासी माणसं आहेत, भिलाईच्या मैत्रीबागेतले प्राणी नव्हेत. 2012 मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. त्या भागात थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं यावर कायद्याने बंदी आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. 1999 आणि 2006 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. बाहेरचा एक खोकलासुद्धा त्यांना महागात पडतो. शिवाय या सहलीसाठी मुलांना पहाटे तीनच्या आसपास उठवावं लागतं, कारण गाड्या जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सुटतात. निवांत सुट्टीत हे कशाला?

किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळ पिशवीत भरून आणणंही चालत नाही. बऱ्याच जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

आणि सेल्युलर जेल. “मुलांना तिथे कंटाळा येईल” असं म्हणून ते गाळणारे आणि “मराठी माणसाने रात्रीचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम बघितलाच पाहिजे” म्हणून पेंगुळलेल्या चिमुकल्याला बाकावर बसवणारे, दोघांनाही माझा एकच सल्ला: सकाळी जा. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 या काळात जिथे होते ती कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. आठ-नऊ वर्षांचं मूल तिथवर चढून जातं, आत उभं राहून भिंती हाताने मोजतं आणि प्रश्न विचारत सुटतं. त्याहून लहान मुलाला खाली मैदानात पळू द्यावं, जेवायच्या आत परत हॉटेलवर यावं आणि दुपारभर पंख्याखाली झोपावं.