माथेरानचा मोठा रस्ता : जुना फोटो वाचावा कसा

गावच्या पेठेचा एखादा जुना फोटो हाती आला, की आपण आधी काय करतो? ओळखीचे दुकान शोधतो. ते सापडले की बोट ठेवून म्हणतो, ‘हे बघा, इथे पूर्वी पाणपोई होती!’ पण फोटो नेमका केव्हाचा, असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले : ‘असेल की, इंग्रजांच्या वेळचा!’ एवढ्यावर सोडून देऊ नये. फोटोला आपले वय सांगता येते. फक्त विचारायचे कसे, ते ठाऊक हवे.

उदाहरणाला माथेरानचा मोठा रस्ता घेऊ. मुद्दाम घेऊ, कारण तो अवघड आहे. इतर गावांत फोटोचा काळ वाहनांवरून कळतो. रस्त्यात एस.टी. उभी असली, तर फोटो 1948 नंतरचा. माथेरानात मात्र मोटारीला मज्जाव. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, आणि तिथून पेठेपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर चालत नाही तर घोड्यावरून. म्हणून 1910 चा फोटो आणि 1970 चा फोटो शेजारी ठेवले, तर दोन्हींत तीच तांबडी माती, तीच झाडांची सावली, तेच घोडे. मग ओळखायचे कशावरून?

फोटोच्या मधोमध पाहू नका, कडेला पाहा. छायाचित्रकाराने जे मुद्दाम टिपले ते सजवलेले असते. कोपऱ्यात जे आपोआप आले ते खरे बोलते. माथेरानचे स्टेशन पेठेला लागूनच आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हा डोंगर 1850 साली साहेबलोकांच्या नजरेस आणला. नेरळहून वर येणारी छोटी गाडी सुरू झाली ती 1907 च्या मार्चमध्ये. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती स्वतःच्या पैशाने बांधली. तेव्हा कोपऱ्यात दोन फुटी रूळ दिसले, की फोटो 1907 च्या अलीकडचा. रूळ दिसले नाहीत, तर? तर काहीच सिद्ध होत नाही! फोटो काढणारा स्टेशनाकडे पाठ करून उभा असेल.

आता भिंग घ्या आणि दुकानांच्या पाट्या वाचा. शिक्षकबंधूंनी हा खेळ वर्गात जरूर करावा, मुले रंगून जातात. भावाच्या पाटीवर ‘न. पै.’ आहे का? नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले आणि ‘नवा’ हा शब्द 1 जून 1964 पासून गळाला. पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर पाटी ऑगस्ट 1972 नंतरची. ‘जिल्हा रायगड’ असेल, तर 1981 नंतरची, कारण तोवर हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई.

पण इथे एक गोम आहे. ‘जिल्हा कुलाबा’ अशी पाटी दिसली म्हणून फोटो 1981 च्या आधीचा, असे म्हणता येत नाही. आपला दुकानदार काटकसरी. पत्रा गंजेपर्यंत पाटी उतरवीत नाही. नवी खूण पक्की साक्ष देते, जुनी खूण नुसता अंदाज देते. फोटोतली सर्वांत नवी वस्तू जी असेल, तिच्या आधीचा तो फोटो असूच शकत नाही. एवढे एक सूत्र मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.

आणखी एक फसवणूक सांगतो. फार जुन्या फोटोंत भर बाजारातला रस्ता ओस दिसतो. लोक नव्हते असे नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या काचा मंद होत्या, उजेड कित्येक सेकंद घ्यावा लागे. तेवढ्यात चालणारा माणूस निघून जाई आणि त्याचा नुसता धुरकट डाग उरे. ओटीवर बसलेला शेठ स्वच्छ उमटे, पाटी घेऊन जाणारी बाई पुसली जाई.

पुढे कॅमेरे वेगवान झाले आणि चालणारी माणसे दिसू लागली. घोडेवाले, हमाल, हातरिक्षावाले. माथेरानची हातरिक्षा चढावर एकट्याने ओढवत नाही. पुढे एक ओढतो, मागून दुसरा नाहीतर दोघे रेटतात. जुन्या पोस्टकार्डांवर छापलेले असते ते बहुधा जागेचे नाव. ओढणाऱ्याचे नाव कुठे नसते.

हे आजच सांगायचे कारण आहे. डिसेंबर 2022 मध्ये या रस्त्यावर प्रयोग म्हणून विजेवरच्या रिक्षा आल्या. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढावे हे न्यायालयाला पटले नाही, आणि ते योग्यच झाले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळे बसवायलाही त्याच निकालाने मुभा दिली. म्हणजे तांबडी माती आणि हातरिक्षा, जुन्या फोटोंतल्या या दोन्ही गोष्टी उद्याच्या मुलांना समजावून सांगाव्या लागतील. ज्यांनी त्या ओढल्या, त्यांना आजच विचारता येईल.

तुमच्या गावची पेठ माथेरानची नसेल. काम तेच आहे. घरोघरचे फोटो वर्गात मागवा. मुलांनी आजी-आजोबांसमोर बसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवावे. फोटोवर शाईने लिहू नये, डिंकाने चिकटवू नये. मागल्या बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. आमच्याकडची दमट हवा बुरशी आणते, तेव्हा लोखंडी ट्रंकेच्या तळाशी नको, कोरड्या कागदात घालून फडताळात ठेवावा. नावे डावीकडून उजवीकडे. हमालाचेही लिहावे, घोड्याचे ठाऊक असले तर तेही. ज्याचे नाव लागत नाही त्याच्यापुढे रेघ ओढून जागा सोडावी. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची आजी ती भरील.