खुशालीची दुसरी बाजू

जवळा बाजारहून औंढा नागनाथमार्गे हिंगोली गाठली की आज आपल्याला हळदीची बाजारपेठ दिसते. १९०३ पर्यंत मात्र तिथे हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेची छावणी होती. १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा त्याच्या फौजेत ही कंटिंजंटही होती आणि वेढ्याच्या आत होते पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावरचं कर्ज फिटावं म्हणून ते १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले आणि बंडाच्या धामधुमीत अडकले. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये छापलं गेलं, म्हणून त्यांनी काय सोसलं ते आपल्याला ठाऊक आहे. वरसईला मागे राहिलेल्या त्यांच्या बायकोच्या तोंडची एक ओळही आपल्यापाशी नाही. लढाईच्या काळात दूर गेलेल्या नवऱ्यांची गोष्ट मराठीत जिथे जिथे वाचावी, तिथे हीच उणीव टोचते.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतला वेढल्या गेल्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच संपला आणि उरलेल्यांच्या नशिबी तुर्कांची कैद आली. त्याच युद्धात फ्रान्समध्ये लढणारे हिंदी शिपाई १९१५ च्या मार्चपर्यंत आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं धाडत होते. ती सेन्सॉर उघडून वाचायचा, म्हणून शिपायांनी युक्ती काढली. हिंदी पलटणींना काळी मिरी म्हणायचं आणि गोऱ्यांना लाल मिरची. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी काय ते ओळखावं. सेन्सॉरने उतारे काढून ठेवले, म्हणून ही पत्रं निदान अभ्यासकांना वाचायला मिळतात. घरून गेलेल्या पत्रांची तेवढी राखण झाली नाही.

पत्र गावात आलं तरी ते नवरा-बायकोचं खाजगी राहत नसे. बाईला अक्षरओळख नाही, म्हणून मास्तर नाहीतर पोस्टमन मोठ्याने वाचणार आणि सासू-सासरे, भावकी ऐकणार. नवऱ्यालाही हे ठाऊक असल्यामुळे तो बैलांची, पेरणीची, देण्याघेण्याची चौकशी करी. बायकोसाठी आडून एखादं वाक्य निघालं तर निघालं.

माझ्या मते या सगळ्यात मोलाचा कागद मनिऑर्डरचा. १८८० मध्ये सुरू झालेल्या या सोयीत फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती जागा असे. पैसे हातात पडले की निरोपाचा तो तुकडा घरी राही. बाई पोहोचपावतीवर अंगठा उमटवी आणि ती पावती टपालानेच नवऱ्याकडे परत जाई. पैसे पोचले, मी आहे, घर चालू आहे, एवढं त्या निळ्या ठशातून त्याला कळायचं. लिहिता न येणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने नवऱ्याला धाडलेलं ते उत्तर होतं आणि ते वाचून दाखवायला तिसरं माणूस लागत नव्हतं. तारेचं नाव निघालं की मात्र घराचं अवसान गळायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, तरी तिची धास्ती जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच महिन्यात कारगिल पेटलं. फौजीच्या पत्त्यात पलटण आणि ‘५६ एपीओ’सारखा लष्करी टपालाचा क्रमांक एवढंच असतं, ठिकाण नसतं. नवरा नेमक्या कुठल्या डोंगरावर आहे हे पाकिटावरून कळायची सोय नाही. असं टपाल पोचवणाऱ्या लष्करी डाक सेवेचं केंद्र आपल्याच नागपूरजवळ कामठीला आहे.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, सुट्टीवर आलेले जवान माघारी गेले. आता व्हिडिओ कॉलवर तोंड दिसतं, दोघांचं बोलणं दोघांत राहतं. पण कुठे आहे हे आजही सांगायचं नसतं, आणि फोन लागेनासा झाला की पूर्वी महिनाभर पुरवून काढलेली काळजी एका रात्रीत अंगावर येते.

कारगिलच्या वेळी घर सांभाळणाऱ्या बाया आज पन्नाशी-साठीत आहेत. जवळा बाजार, औंढा, वसमतकडच्या शाळा-वाचनालयांनी त्यांच्याकडे जावं. ट्रंकेत आंतरदेशीय पत्रं असतील, मनिऑर्डरचे तुकडे असतील. परवानगी घेऊन त्यांचे फोटो काढावेत आणि त्या बायांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. नवऱ्याने काय लिहिलं एवढ्यावर थांबू नये. तिने काय कळवलं आणि काय कळवायचं टाळलं, हेही विचारावं.