मौल्यवान औषधांची रवानगी आणि विम्याचे संरक्षण

औषध शास्त्रोक्त रीतीने सिद्ध करणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते रुग्णाच्या हाती सुस्थितीत पोहोचविणेही महत्त्वाचे आहे. गडहिंग्लज, आजरा व चंदगड या तालुक्यांतील असंख्य कुटुंबांचे आप्त उदरनिर्वाहासाठी मुंबई-पुण्यास स्थायिक झालेले आहेत. गावाकडील वैद्यांवरील त्यांचा विश्वास मात्र कायम आहे. ही मंडळी दूरध्वनीवरून प्रकृतिमान कळवितात आणि औषध पार्सलने मागवितात. याखेरीज औषधी दुकानदारांस सुवर्णकल्प, केशर, मुक्तापिष्टी यांसारखा मौल्यवान माल दूरच्या रसशाळांकडून मागवावा लागतो. गडहिंग्लजला रेल्वे नाही. त्यामुळे हा सर्व माल संकेश्वरमार्गे महामार्गावरून अथवा कोल्हापूरमार्गे येतो-जातो आणि दाराशी पोहोचेपर्यंत अनेक हातांतून व गोदामांतून फिरतो.

या प्रवासात पार्सल गहाळ झाले, फुटले वा भिजले तर नुकसान कोणी सोसावयाचे? या प्रश्नाचे उत्तर पार्सल रवाना करण्यापूर्वीच ठरलेले असावयास हवे. वाहतुकीचे भाडे हा केवळ माल वाहून नेण्याचा मोबदला असतो. त्यात मालाच्या किमतीची हमी अंतर्भूत नसते. हा भेद लक्षात न आल्याने पुष्कळ व्यावसायिकांची फसगत होते. यास्तव या विषयाची साधार मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

टपाल खात्याची जबाबदारी

टपालाने पाठविलेली वस्तू हरवली की सरकार भरपाई देईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. भारतीय टपाल कार्यालय अधिनियम, १८९८ च्या कलम ६ अन्वये वस्तू गहाळ होणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, विलंब होणे वा खराब होणे याबद्दल खात्यास जबाबदारीतून मुक्त ठेवलेले होते. केवळ जी जबाबदारी खाते स्पष्ट शब्दांत पत्करील, तेवढीच त्यास अपवाद होती. त्या अधिनियमाची जागा आता टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ ने घेतली असून तो १८ जून २०२४ पासून अमलात आला आहे. त्याच्या कलम १० मध्येही, नियमांनी विहित केलेल्या जबाबदारीपुरतीच भरपाई, हे तत्त्व कायम आहे.

स्पीड पोस्टचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९९ साली टपाल नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, स्पीड पोस्टची वस्तू हरवल्यास वा तिच्यातील जिन्नस चोरीस गेल्यास, भरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती देय ठरविण्यात आली. म्हणजे १५० रुपये शुल्क भरून पाठविलेल्या पार्सलात ६०,००० रुपयांचे सुवर्णकल्प असले तरी या हिशेबाने हाती येणारी भरपाई अवघी ३०० रुपये!

या अडचणीवरील उपाय म्हणजे टपालाचा स्वतंत्र विमा. वस्तू नोंदविताना तिची किंमत जाहीर करून त्या प्रमाणात शुल्क भरल्यास, त्या रकमेपर्यंतची जबाबदारी खाते स्वीकारते. विम्याची कमाल रक्कम दीर्घकाळ एक लाख रुपये राहिली. खेड्यांतील शाखा डाकघरांत मात्र ती अगदी अल्प होती. सबब मौल्यवान पार्सल गावच्या शाखेत न देता गडहिंग्लजच्या मोठ्या कार्यालयात नेऊन नोंदविणे इष्ट. २०२५ साली रजिस्टर्ड टपाल सेवेचे स्पीड पोस्टमध्ये विलीनीकरण झाले आहे. त्यामुळे विम्याची चालू मर्यादा व दर खिडकीवर विचारूनच नोंदणी करावी.

विमा उतरविलेल्या टपालाचे काही नियम जुने असले तरी अर्थपूर्ण आहेत. विम्याची रक्कम अक्षरी व अंकी लिहावी, त्यात खाडाखोड नसावी. पार्सलाच्या सांध्यांवर लाखेच्या मोहरा असाव्यात, त्या सर्व एकाच ठशाच्या व खासगी चिन्हाच्या असाव्यात. चलनी नाण्याचा ठसा चालत नाही, कारण नाणे कोणापाशीही असते. पार्सलाचे नेमके वजन नोंदविले जाते. वाटेत पार्सल उघडून दहा ग्रॅम भस्म काढून घेतल्यास मोहोर अथवा वजन यांपैकी काहीतरी साक्ष देतेच. प्रत्यक्ष किमतीहून अधिक रकमेचा विमा उतरविण्यास मनाई आहे आणि लबाडीने तसे केल्यास भरपाईचा हक्क गमवावा लागतो.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. १८७७ साली सुरू झालेली व्ही. पी. पद्धत आयुर्वेदीय औषधी व्यापारास फार उपकारक ठरली. परंतु व्ही. पी. म्हणजे विमा नव्हे. घेणाऱ्याकडून रक्कम वसूल करून पाठविणाऱ्यास पोहोचविणे, इतकेच तिचे कार्य आहे. पार्सल वाटेतच हरवले तर वसुलीचा प्रश्नच उद्भवत नाही. कुरिअरच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सेवेसही हेच लागू आहे.

कुरिअर व मालवाहतूकदार

खासगी कुरिअर कंपन्यांची जबाबदारी पावतीवरील अटींनी व कायद्याने ठरते. पूर्वीच्या १८६५ च्या वाहक कायद्याच्या जागी रस्तामार्गे वहन अधिनियम, २००७ हा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यातील ‘सामान्य वाहक’ या संज्ञेत घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थांचाही समावेश आहे. या कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार, पाठविणाऱ्याने अधिक जोखमीचा दर भरून मालाचे मूल्य जाहीर केलेले नसल्यास, वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती मर्यादित राहते. वरील उदाहरणातील ६०,००० रुपयांचा माल १५० रुपये भाड्याने गेला असेल, तर कमाल भरपाई १,५०० रुपये होईल. उरलेले ५८,५०० रुपये पाठविणाऱ्याच्या वा घेणाऱ्याच्या पदरी पडतील.

पावतीवर सही करताना बारीक अक्षरांतील अटी आपण वाचीत नाही. त्या किती परिणामकारक ठरतात, हे भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल वर्ल्डवाइड एक्स्प्रेस कुरिअर या १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून दिसते. या प्रकरणात जर्मनीस पाठविलेले मालासंबंधीचे कागद पोहोचले नाहीत आणि हंगाम टळल्यामुळे कंपनीचे मोठे नुकसान झाले. राज्य ग्राहक आयोगाने मोठी भरपाई मंजूर केली होती. तथापि पावतीवरील अटीप्रमाणे जबाबदारी १०० डॉलरपुरतीच आहे व पाठविणाऱ्याने सही केलेली असल्याने ती अट त्यास बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ज्या पावतीवर पाठविणाऱ्याची सही नाही व अटी समजावून दिलेल्या नाहीत, तेथे ग्राहक आयोगांनी निराळा दृष्टिकोन स्वीकारल्याची उदाहरणे आहेत. परंतु असा वाद जिंकण्यास वर्षे लागतात. तेवढा खर्च व मनस्ताप सोसण्यापेक्षा आरंभीच तजवीज करणे शहाणपणाचे.

पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ म्हणजे मालकाच्या जोखमीवर, की ‘कॅरियर्स रिस्क’ म्हणजे वाहकाच्या जोखमीवर, हे पाहावे. पावतीच्या रकान्यात नुसती किंमत लिहिली म्हणजे विमा झाला, असे नव्हे. त्यासाठीचे जादा शुल्क घेतल्याची नोंद पावतीवर असली पाहिजे. कित्येक कंपन्या सोने, जडजवाहीर, रोकड स्वीकारीत नाहीत. सुवर्णभस्म वा सुवर्णमालिनी वसंत हे औषध म्हणून स्वीकारले जाईल की मौल्यवान धातू म्हणून नाकारले जाईल, हे कंपनीकडून अगोदरच लेखी विचारून घ्यावे. अन्यथा नुकसान झाल्यावर ‘निषिद्ध वस्तू’ या सबबीखाली दावा फेटाळला जाण्याचा संभव राहतो. औषधाऐवजी ‘पुस्तके’ वा ‘भेटवस्तू’ असे लिहून माल पाठविणे तर सर्वथा त्याज्य होय.

विमा कंपनीची वाहतूक पॉलिसी

ज्यांची रवानगी नियमित आहे, त्यांच्यासाठी विमा कंपनीची वाहतूक पॉलिसी हा सर्वांत भक्कम मार्ग आहे. भूमार्गाने जाणाऱ्या मालाची पॉलिसीही विमा व्यवसायात ‘मरीन’ या सदरातच मोडते. नावावरून बिचकण्याचे कारण नाही. एकाच रवानगीसाठी स्वतंत्र पॉलिसी घेता येते अथवा वर्षभराच्या एकूण उलाढालीचा अंदाज देऊन ‘ओपन पॉलिसी’ घेता येते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक रवानगीची माहिती कंपनीस कळवावी लागते. टपाल व कुरिअरने जाणारा माल पॉलिसीत समाविष्ट आहे, हे तिच्यात स्पष्ट नमूद करून घ्यावे.

संरक्षणाचे तीन वर्ग आहेत. ‘क’ वर्गात मुख्यतः आग व वीज पडणे यांचे संरक्षण मिळते. ‘ब’ वर्गात वाहनाची टक्कर, वाहन उलटणे, पूल कोसळणे यांची भर पडते. ‘अ’ वर्गात चोरी, गहाळ होणे, फूट यांसह सर्व आकस्मिक जोखमी येतात. केवळ वगळलेल्या बाबी सोडून. लहान व मौल्यवान पार्सलांस खरा धोका चोरीचा असल्याने आमच्या मते ‘अ’ वर्गच उपयोगी पडतो.

आपल्या भागास या पॉलिसीची विशेष निकड आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोली परिसरात पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. २००७ च्या कायद्यानुसार दैवी आपत्ती, दंगल व नागरी क्षोभ यांमुळे झालेल्या हानीबद्दल वाहक जबाबदार नसतो. म्हणजे संकट जेवढे मोठे, तेवढा वाहकाचा आधार कमी. अशा प्रसंगी ‘अ’ वर्गाची पॉलिसीच कामी येते. संप व दंगल यांचे संरक्षण जादा हप्ता भरून स्वतंत्रपणे घ्यावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून बेळगावनजीक महाराष्ट्रातील वाहनांवर दगडफेक झाली होती. हे लक्षात घेता सीमेलगतच्या व्यावसायिकांनी हा जादा हप्ता वाचवू नये.

औषधाचा गुणधर्म आणि विम्याचे अपवाद

विम्याच्या अपवादांकडे वैद्यांनी विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण ते थेट आपल्या द्रव्यांच्या स्वभावाशी निगडित आहेत. मालाचा अंगभूत दोष, नित्याची गळती व वजनातील स्वाभाविक घट, अपुरी बांधणी आणि विलंब यांमुळे झालेली हानी ‘अ’ वर्गातही भरून मिळत नाही.

आसव-अरिष्टांचे संधान पूर्ण झालेले नसताना बाटली भरली, तर आत वायू साचून बूच उडते. हा अपघात नव्हे. अंगभूत दोष होय. यवक्षार, अपामार्गक्षार ही द्रव्ये हवेतील ओलावा शोषून घेतात. आवेष्टन वायुरोधी नसेल तर त्यांना पाणी सुटते आणि त्यास अपुरी बांधणी म्हटले जाते. उन्हाळ्यात घृत पातळ होऊन झाकणातून पाझरते, ती नित्याची गळती. पूर ओसरेपर्यंत पार्सल आठ दिवस गोदामात राहिले आणि औषध उशिरा मिळाल्याने रुग्णाचा उपचारक्रम खंडित झाला, तर त्या विलंबाची भरपाई कोणतीही वाहतूक पॉलिसी देत नाही. म्हणूनच दीर्घकालीन उपचार घेणाऱ्या परगावच्या रुग्णांस पावसाळ्यापूर्वीच पुरेसे औषध पोहोचते करावे. विमा द्रव्याची किंमत देतो. चुकलेली मात्रा भरून देत नाही.

बेकायदेशीर मालास विम्याचे संरक्षण नसते, हेही ध्यानी ठेवावे. कस्तुरीसारखी वन्यजीव कायद्याने निषिद्ध द्रव्ये, तसेच परवान्याच्या कक्षेतील अहिफेनयुक्त पदार्थ यांची अशी रवानगी विम्याच्या प्रश्नापूर्वीच गुन्ह्याचा प्रश्न निर्माण करते.

जोखीम विक्रेत्याची की ग्राहकाची?

वस्तुविक्रय अधिनियम, १९३० च्या कलम ३९ प्रमाणे, करारानुसार माल ग्राहकाकडे पाठविण्यासाठी वाहकाच्या स्वाधीन केला की प्रथमदर्शनी तो ग्राहकासच दिला असे मानले जाते. परंतु मालाचे स्वरूप पाहून वाहकाशी वाजवी करार करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. ती पाळली नाही आणि माल वाटेत हरवला वा बिघडला, तर ग्राहक ती सुपूर्दगी अमान्य करू शकतो किंवा विक्रेत्यास नुकसानीबद्दल जबाबदार धरू शकतो. सबब मौल्यवान औषध विनाविमा पाठवून ‘आमचे काम संपले’ असे म्हणणे कायद्यासही मान्य नाही. रुग्णास विम्याचा खर्च आगाऊ सांगावा व त्याचा निर्णय लेखी घ्यावा. मागविणाऱ्या दुकानदारानेही विमा कोणी उतरवावयाचा, हे मागणीपत्रातच नमूद करावे.

व्यवहारात पाळावयाची पथ्ये

१. प्रत्येक पार्सलासोबत कल्पाचे नाव, बॅच क्रमांक, वजन व किंमत दर्शविणारे बिल करावे आणि त्याची प्रत स्वतःपाशी ठेवावी.

२. औषध तराजूवर असताना, खोक्यात भरताना व मोहोरबंद झाल्यावर अशी छायाचित्रे घ्यावीत. आत काय होते, हे सिद्ध करण्याचे दायित्व दावा करणाऱ्यावर असते.

३. विम्याची रक्कम प्रत्यक्ष बिलाशी जुळती ठेवावी. कमी रकमेचा विमा उतरविल्यास भरपाईही त्या प्रमाणात कमी होऊ शकते.

४. काचेच्या बाटल्या एकमेकींस व खोक्याच्या भिंतीस टेकणार नाहीत अशा रीतीने बांधाव्यात. द्रव औषधाभोवती स्वतंत्र जलरोधी पिशवी असावी.

५. पार्सल घेताना मोहोर तुटलेली, खोका ओला वा वजन कमी आढळल्यास बिनशर्त सही करू नये. टपाल कार्यालयात अधिकाऱ्यासमक्ष उघडण्याची मागणी करावी. कुरिअरच्या पोचपावतीवर तसा स्पष्ट शेरा लिहावा.

६. नुकसान कळताच विमा कंपनीस व वाहकास त्याच दिवशी लेखी कळवावे. २००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे नोंदणीच्या दिनांकापासून १८० दिवसांत वाहकास लेखी सूचना दिली नाही, तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. ही सूचना विमा असतानाही द्यावीच. भरपाई दिल्यावर वाहकाकडून वसुली करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो आणि आपल्या हयगयीने तो बुडाल्यास आपलाच दावा अडचणीत येतो.

७. सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत फुटका माल व आवेष्टन फेकून देऊ नये.

साधी चूर्णे, काढे, अल्पमोली वटी यांसाठी हा सारा खटाटोप करावा, असे आमचे म्हणणे नाही. गहाळ झाल्यास पुन्हा पाठविणे परवडेल असा माल साध्या सेवेने पाठवावा. ज्या पार्सलाच्या नुकसानीने महिन्याची मिळकत बुडेल वा रुग्णाशी वाद उद्भवेल, त्याचा विमा मात्र अवश्य उतरवावा. ही सीमारेषा प्रत्येक व्यावसायिकाने आपल्या ऐपतीनुसार एकदा ठरवून दुकानातील रवानगीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे पार्सल बांधणाऱ्या सहायकासही प्रत्येक वेळी विचारावे लागणार नाही.