पॉवरलिफ्टिंगचा प्रारंभ

पॉवरलिफ्टिंग आणि ऑलिंपिकमधील वेटलिफ्टिंग यांची पुष्कळदा गल्लत केली जाते. परंतु या दोहोंत मूलभूत भेद आहे. वेटलिफ्टिंगमध्ये वजन डोक्याच्या वर न्यावे लागते व त्यासाठी बळाइतकीच चपळाई आवश्यक असते. पॉवरलिफ्टिंगमध्ये वजन डोक्यावर जातच नाही. त्यात तीन प्रकार असतात. खांद्यांवर भार घेऊन खाली बसणे व पुन्हा उभे राहणे म्हणजे स्क्वॉट. बाकावर उताणे पडून दांडा छातीपर्यंत आणणे व हात सरळ होईपर्यंत वर ढकलणे म्हणजे बेंच प्रेस. आणि जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभे राहणे म्हणजे डेडलिफ्ट. स्पर्धेत प्रत्येक प्रकारासाठी तीन संधी मिळतात आणि तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरली जाते. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ साली स्थापन झाली.

आपण जास्तीत जास्त किती वजन उचलू शकतो, हे पाहण्याचा मोह नवशिक्याला पहिल्याच दिवशी होतो. हा मोह आवरणे हाच या शिक्षणाचा पहिला धडा होय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या स्नायूंवर उपचार करताना भारी वजनांचा उपयोग केला व आपले अनुभव १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. हलके वजन असंख्य वेळा उचलण्याऐवजी पुरेसे जड वजन मोजक्या वेळा उचलावे आणि स्नायू बळावतील तसतसा भार क्रमाक्रमाने वाढवावा, हे त्याच्या पद्धतीचे सार होते. बलसंवर्धनाची आजची बहुतेक सर्व पद्धती याच तत्त्वावर उभी आहे.

प्रारंभीच्या आठवड्यांत बळ झपाट्याने वाढते, पण त्या मानाने स्नायूंचा आकार फारसा वाढलेला दिसत नाही. याचे कारण असे की, या काळातील प्रगती मुख्यतः मज्जासंस्थेची असते. स्नायूंतील अधिकाधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास ती शिकते. स्नायू हाडांना जोडणारे कंडरे मात्र स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. म्हणूनच ‘आज उचलता आले’ याचा अर्थ ‘शरीर त्यासाठी सिद्ध झाले’ असा होत नाही.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करावा. स्पर्धेतील रिकामा दांडाच २० किलोग्रॅमचा असतो. पुष्कळांना स्क्वॉटचा आरंभ करण्यास तेवढा पुरतो. पाच-पाच वेळांची तीन आवर्तने करावीत व दोन आवर्तनांमध्ये दोन-तीन मिनिटे विसावा घ्यावा. तिन्ही आवर्तने निर्दोष झाली, तर पुढील दिवशी २.५ किलोग्रॅम वाढवावेत. ही वाढ क्षुल्लक वाटते. पण ती अखंड चालली, तर आठव्या आठवड्याच्या अखेरच्या दिवशी खांद्यांवर ७७.५ किलोग्रॅम असतील. बेंच प्रेसमध्ये प्रगती याहून मंद असते. एखादे वजन लागोपाठ दोनदा पेलले नाही, तर ते सुमारे एक-दशांशाने घटवून पुन्हा चढत यावे. यात कमीपणा नाही.

भारापेक्षा रीतीला महत्त्व अधिक आहे. आखाड्यात बैठका मारताना टाचा उचलल्या जातात. स्क्वॉटमध्ये त्या जमिनीला घट्ट टेकलेल्या असाव्यात. स्पर्धेत मांडीचा सांधा गुडघ्याच्या माथ्याखाली न गेल्यास स्क्वॉट बाद ठरतो, म्हणून आरंभापासूनच पुरेसे खाली बसण्याची सवय लावावी. डेडलिफ्टमध्ये दांडा नडगीलगत ठेवावा व पाठीला बाक येऊ देऊ नये. मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्यामुळे दांडा जमिनीपासून योग्य उंचीवर राहतो. लहान चकत्या लावल्यास तो खाली जातो व पाठ वाकते. अशा वेळी चकत्यांखाली लाकडी ठोकळे ठेवावेत.

भार पेलताना श्वास रोखून पोट घट्ट केल्याने कण्याला आधार मिळतो. मात्र त्यामुळे रक्तदाबही बराच वाढतो. तेव्हा रक्तदाब, हृदयविकार किंवा अंतर्गळ असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून हा व्यायाम आरंभू नये. बेंच प्रेस एकट्याने करू नये. दांडा छातीवर किंवा गळ्यावर अडकल्यास प्राणावर बेतू शकते. अंगठ्याचा विळखा दांड्याभोवती असावा आणि मदतनीस उशाशी उभा असावा.

प्रत्येक दिवसाचे वजन व आवर्तने वहीत टिपून ठेवावीत. शेजारी कोण किती उचलतो याची नोंद त्या वहीत नसते, आणि नसावी. कालच्या आकड्याहून आजचा आकडा किंचित पुढे सरकला आणि अंग धड राहिले, एवढ्यावर नवशिक्याने समाधान मानावे.