स्पंजातला उमेदवार

पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांजवळ ‘थिओनेला स्विनहोई’ नावाचा स्पंज खडकाला चिकटून वाढतो. त्याला पळता येत नाही, चावताही येत नाही. तरी त्याच्या अंगात बुरशी मारणारी आणि कर्करोगाच्या पेशींना घातक ठरणारी रसायनं सापडतात. ती नेमकी बनवतं कोण?

संशयाला जागा होती. स्पंज म्हणजे जिवंत गाळणी. बारीक छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जिवाणू खायचे आणि पाणी बाहेर सोडायचं, हा त्याचा रात्रंदिवसाचा उद्योग. पण जिवाणूंवर जगणाऱ्या या प्राण्याच्या अंगातच जिवाणूंची दाट वस्ती असते. काही जातींत तर वजनाचा तिसरा हिस्सा त्यांचाच भरतो. १९७० च्या दशकात फ्रान्सच्या ज्याँ व्हासले यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही गर्दी दाखवली.

गर्दी दिसली, पण त्यातला कोण कोण हे कळेना. जिवाणू ओळखायचा तर आधी तो बशीत वाढवायचा, ही प्रयोगशाळेची जुनी रीत. स्पंजातले बहुतेक जिवाणू बशीत वाढतच नाहीत.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या कॅरोल ब्यूली, निकोलस हॉलंड आणि जॉन फॉकनर यांनी दुसरी वाट धरली. पलाऊच्या स्पंजाच्या पेशी त्यांनी सुट्या केल्या, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवल्या आणि चार ढीग वेगळे काढले: स्पंजाच्या स्वतःच्या पेशी, सायनोबॅक्टेरिया, एकपेशीय जिवाणू आणि लांब तंतूंसारखे जिवाणू. मग प्रत्येक ढिगात रसायन शोधलं. तोवर अनेकांचं बोट सायनोबॅक्टेरियाकडे होतं. त्यांच्यात आणि स्पंजाच्या पेशींत महत्त्वाचं काहीच निघालं नाही. स्विनहोलाइड हे रसायन एकपेशीय जिवाणूंच्या ढिगात मिळालं आणि बुरशीनाशक पेप्टाइड फक्त तंतूंमध्ये.

आता तंतूंची जात शोधायची होती. प्रत्येक जिवाणूत १६एस नावाचं जनुक असतं. ते पिढ्यानुपिढ्या फार सावकाश बदलतं, म्हणून आडनावासारखं नातं सांगतं. त्याच्या आधारे २००० मध्ये या तंतूंना नाव मिळालं: ‘कॅन्डिडेटस एन्टोथिओनेला पलाऊएन्सिस’. एन्टोथिओनेला म्हणजे थिओनेलाच्या आतला.

पुढची मोठी उडी जपानमधल्या हाचिजो बेटाच्या स्पंजाने घेतली. त्याच जातीचा हा आतून पिवळा प्रकार. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या यॉर्न पील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले तंतू एकेक वेचून काढले. हे तंतू प्रकाशात स्वतःच चमकतात, त्यामुळे गर्दीतून निवडणं सोपं गेलं. मग त्यांचा जनुकसंच वाचला. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: या स्पंजातून माहीत असलेली जवळजवळ सगळी प्रभावी रसायनं (पॉलिकेटाइडं आणि पेप्टाइडं) एन्टोथिओनेलाच्या एकाच प्रकाराची आहेत. त्याचा जनुकसंच ९० लाख अक्षरांहून मोठा निघाला, आणि नात्यात तो इतका वेगळा ठरला की त्याच्यासाठी टेक्टोमायक्रोबिया हा नवा संघ सुचवावा लागला. यातलं पॉलिथिओनामाइड तर विलक्षणच. आधी साधी प्रथिनसाखळी तयार होते आणि मग तिच्यावर किमान ४८ रासायनिक दुरुस्त्या केल्या जातात.

ही ओळख पटवणं का गरजेचं, हे न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरून कळतं. हॅलिकोंड्रिन बी या कर्करोगविरोधी रसायनासाठी तिथे १ टन स्पंज गोळा केला, तेव्हा जेमतेम ३०० मिलिग्रॅम हाती लागलं. औषधासाठी समुद्राचा तळ खरवडणं परवडणारं नाही. रसायन बनवणारी जनुकं कुणाकडे आहेत हे कळलं, तर ती एखाद्या वाढवता येणाऱ्या जिवाणूत घालून बघता येतात.

एन्टोथिओनेला मात्र अजून बशीत वाढलेला नाही. म्हणूनच त्याच्या नावाआधीचा ‘कॅन्डिडेटस’ हा शब्द टिकून आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उमेदवार. प्रयोगशाळेत वाढवून जिवाणूचं रीतसर वर्णन होईपर्यंत त्याला हेच बिरुद लावलं जातं.