जुन्या छिन्न्यांची पारख व उपयोग

शेतकऱ्याच्या घरीं जुन्या लोखंडाची एखादी पेटी बहुधा असतेच. पूर्वीं गांवचा लोहार बलुतेदार असे व हत्यारांची पारख तोच करी. आतां पुष्कळ गांवांतील भाते बंद पडले आणि तेथील हत्यारें भंगाराच्या भावानें जात आहेत. त्यांत छिन्न्या हटकून असतात. चांगल्या पोलादाची छिन्नी मोडींत घालणें हें नुकसान खरेंच. पण भलत्या कामास भलती छिन्नी लावणें हें त्याहून वाईट, कारण त्यांत डोळा जाण्याचें भय आहे. म्हणून ही पारख आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम जात ओळखावी. सुताराची ती पटाशी. तिचें पातें पातळ, एकाच बाजूनें उतरतें, व तिला लांकडी मूठ असते. पाथरवटाची ती टांकी. धातु तोडते ती छिन्नी. ती अंगानें जाड असून तिच्या माथ्यावर थेट हातोडा बसतो.

लोहाराच्या मोठ्या छिन्नीस हातोड्यासारखा आडवा दांडा असतो. एकानें दांडा धरावा व दुसऱ्यानें घण मारावा, अशी तिची रीत. हिचे प्रकार दोन. पातळ, सुमारें ३० अंशांच्या धारेची छिन्नी लाल तापलेल्या लोखंडासाठीं असते. आंखूड, जाड व सुमारें ६० अंशांची थंड लोखंडासाठीं. पातळ छिन्नी थंड लोखंडावर मारल्यास तिची धार मुडपते किंवा तुकडा उडतो. जिला दांडा नसून खालीं चौकोनी खुंटी आहे, ती ऐरणीच्या भोंकांत धार वर करून बसवितात व तिच्यावर लोखंड ठेवून तोडतात.

हातछिन्न्या बहुधा अष्टकोनी सळईच्या असतात. त्यांचे मुख्य प्रकार चार:

१. चपटी छिन्नी. धार रुंद व किंचित् बाहेर फुगीर. पत्रा कापणें, रिव्हेटचा माथा उडविणें, नांगराचा गंजलेला नट चिरणें हीं हिचीं कामें.

२. अरुंद छिन्नी. धारेशीं रुंद व मागें निमुळती, म्हणून खांचेंत अडकत नाहीं. चाक शाफ्टवर पक्कें करणाऱ्या चावीची खांच हिनें पाडतात.

३. गोल तोंडाची. बेअरिंगमधील तेलाच्या खांचा हिनें कोरतात.

४. शंकरपाळी तोंडाची. खांचेचे कोपरे साफ करण्यास उपयोगी.

धारेचा कोन धातूप्रमाणें ठेवावा: साधारण पोलाद व बीड यांस ६०, पितळेस ५० व तांब्यास ४५ अंश.

छिन्नीची धार तेवढी कठीण करतात. माथा मुद्दाम नरम ठेवतात. कारण हातोडा कठीण व माथाही कठीण असला तर ठिकऱ्या उडतात. म्हणून कानस लावून पाहावी. धारेवर ती घसरली व माथ्यास लागली, तर छिन्नीचें पाणी शाबूत आहे. धारही कानशीनें सहज घासली जात असेल, तर पाणी उतरलें असें समजावें. अशी छिन्नी टाकूं नये. जाणत्या लोहाराकडून तिला पुन्हां पाणी द्यावें. तो धार लाल तापवून टोंक बुडवितो, घांसून चकचकीत करतो, आणि मागील उष्णतेनें पिवळा, तपकिरी व मग जांभळा रंग धारेशीं आला कीं सर्व छिन्नी थंड करतो. ग्राइंडरवर धार लावतांना ती निळी पडली तर हेंच पाणी फुकट जातें. यास्तव पाण्यांत वरचेवर बुडवीत जावें.

नरम माथा मार खाऊन अळंब्यासारखा पसरतो व कडा फाटतात. फाटलेल्या कडेचा कपचा निसटला कीं थेट डोळ्यांत किंवा हातांत घुसतो. अशी कड आधीं घांसून माथा उतरता करावा, मगच घाव घालावा. डोळ्यांवर चष्मा घालावा व समोर पोरांस उभें राहूं देऊं नये.

हल्लीं ग्राइंडरमुळें छिन्नीचें काम कमी झालें आहे. तथापि जेथें वीज नाहीं, किंवा कडब्याची गंजी जवळ असल्यानें ठिणगीचें भय आहे, तेथें आजही चपटी छिन्नीच कामास येते. तेव्हां भंगारवाला दाराशीं येण्यापूर्वीं पेटी एकदां उपडी करून पाहावी.